शाखेचे मूळ कोठे असते?

एखाद्या विद्वत्संस्थेने समुद्रापार शाखा मान्य केली की दोघींचे नाते घटनेने आणि वर्गणीने ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा इतिहास या समजाला छेद देणारा आहे.

येथे शाखा मातृसंस्थेपेक्षा वयाने वडील आहे. मुंबईचे रेकॉर्डर सर जेम्स मॅकिंटॉश यांनी १८०४ मध्ये 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन केली. लंडनची रॉयल एशियाटिक सोसायटी त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १८२३ मध्ये, कोलब्रुक यांच्या पुढाकाराने निघाली. १८२९ मध्ये मुंबईच्या संस्थेने तिची शाखा होणे पत्करले. कलकत्त्याच्या १७८४ मधील संस्थेने मात्र असे शाखापद घेतले नाही.

या संबंधातून मुंबईला काय लाभले? राजमान्यतेचे बिरुद लाभले आणि युरोपातील पंडितांच्या वर्तुळात स्थान मिळाले. हा लाभ लहान नव्हता. परंतु शाखेला ज्ञानसंस्थेचे तेज या बिरुदाने दिले नाही. १८४१ पासून तिने स्वतःचे नियतकालिक काढले, आणि मुंबईचे नाव विद्वानांच्या जगात झाले ते त्यातील संशोधनामुळे.

हे संशोधन कोणी केले, हा खरा मुद्दा आहे. पहिले भारतीय सदस्य माणेकजी कर्सेटजी यांना १८४० मध्ये प्रवेश मिळाला. म्हणजे ज्या देशाचा अभ्यास करावयाचा, त्या देशातील माणसांना संस्थेचे दार छत्तीस वर्षे बंद होते! दार उघडल्यावर काय घडले? डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठ्याचे शिलालेख वाचले. रा. गो. भांडारकरांचे निबंध येथे प्रसिद्ध झाले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकलला. तेथील अवशेष आजही संस्थेकडे आहेत. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग तर पहिले भारतीय अध्यक्ष झाले. पुढे ह. दा. वेलणकरांनी संस्थेतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची सिद्ध केली. नाव लंडनचे राहिले, मूळ मात्र या भूमीत खोल गेले.

म्हणूनच १९५४ मध्ये लंडनशी असलेला संबंध सुटला, तेव्हा संस्था उन्मळून पडली नाही. केवळ मातृसंस्थेच्या आधारावर उभी असलेली शाखा अशा वेळी कोमेजली असती. उलट, नाते टिकवूनही भागते. कोरिया आणि मलेशिया येथील शाखा आपल्या नावात ते आजही बाळगून आहेत. तात्पर्य, संबंध ठेवावा की तोडावा हा प्रश्न दुय्यम आहे. शाखा ज्या गावात आहे त्या गावाची झाली की नाही, हा प्रश्न मुख्य होय.

आज ही कसोटी आपल्यालाही लागू पडते. परदेशांत मराठी मंडळे आहेत. २००९ मध्ये सॅन होजे येथे विश्व मराठी साहित्य संमेलनही झाले. आता मातृसंस्थेच्या जागी महाराष्ट्र आहे. परदेशस्थ मंडळांनी येथून अध्यक्ष आणि भाषणे मागवावीत व येथील संस्थांनी त्यात धन्यता मानावी, एवढ्यावर हे नाते थांबले तर ते बिरुदाचेच राहील. तेथे जन्मलेल्या मराठी मुलांनी तेथील जीवनावर लिहावे आणि येथील नियतकालिकांनी ते पारखून छापावे, यात खरा संबंध आहे.

एशियाटिकच्या बाबतीतही स्वातंत्र्याने जबाबदारी वाढवली आहे. हस्तलिखिते जपली न गेल्यास दोष देण्यास आता लंडन उरलेले नाही. शिक्षकाने विद्यार्थ्याला त्या ग्रंथालयाची वाट दाखविली आणि संस्थेने त्याला दारातून परत पाठविले नाही, तरच १८४० मध्ये उघडलेले दार खऱ्या अर्थाने उघडे राहील.