‘फिरून ये’ म्हणण्यापेक्षा सोबत निघा

नैराश्य आलेल्या माणसाला घरातून जो पहिला सल्ला मिळतो, तो बहुतेक वेळा बरोबरच असतो. सकाळी वेळेवर ऊठ, जरा बाहेर फिरून ये, नीट जेव, चार माणसांत मिसळ. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या संशोधनाने यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीला दुजोरा दिला आहे. तरी घरोघरी हा सल्ला वाया जातो आणि वाया गेला की खापर रुग्णावर फुटतं. ‘आम्ही सांगून थकलो, त्यालाच बरं व्हायचं नाही,’ असं म्हणून घरचे हात टेकतात.

सल्ला ज्याला दिला जातो त्याची अवस्था काय आहे, हे आधी पाहायला हवं. सलग दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ मन उदास राहणं, आवडीच्या गोष्टींतही रस न वाटणं, झोप उडणं किंवा दिवसभर नुसतं पडून राहावंसं वाटणं, भूक मरणं, कशात लक्ष न लागणं, अंगातलं त्राण गेल्यासारखं होणं, आपण कुणाच्याच कामाचे नाही असं वाटत राहणं ही या आजाराची लक्षणं. सवय लावायला जी उमेद आणि जो निर्धार लागतो, त्यावरच नैराश्याचा घाला पडतो. अर्धांगवायू झालेल्या माणसाला ‘चालायला लाग’ असं सांगून कुणी कामावर निघून जात नाही. फिजिओथेरपिस्ट येतो, घरचे आधार देतात, पहिले काही दिवस पलंगापासून दारापर्यंतच चालवतात. नैराश्यात मात्र सगळा भार रुग्णाच्या इच्छाशक्तीवर टाकून घर मोकळं होतं.

संशोधन काय सांगतं ते नीट वाचलं तर हीच गोष्ट पुढे येते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथल यांच्या गटाने 1999 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पन्नास आणि त्यापुढच्या वयाच्या 156 रुग्णांपैकी काहींना नैराश्यावरची गोळी दिली, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही. गोळ्यांचा गुण लवकर दिसला, पण सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गटांतली सुधारणा जवळपास सारखी होती. 2024 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 218 चाचण्या आणि 14 हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा आला. चालणं किंवा धावणं, योगासनं आणि ताकदीचे व्यायाम यांचा नैराश्यात उपयोग होतो, असं त्यात दिसलं.

आहाराबाबत ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांनी केलेली, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी लहान होती, पण महत्त्वाची. 67 रुग्णांपैकी निम्म्यांना बारा आठवडे आहार सुधारायला मदत मिळाली. बाकीच्यांना तेवढ्याच भेटींत गप्पांची सोबत मिळाली. आहाराच्या गटातले 32 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, गप्पांच्या गटातले 8 टक्के.

या अभ्यासांची बातमी होते तेव्हा ‘व्यायाम करा, भाज्या खा’ एवढंच छापून येतं. रुग्णांकडून ते कसं करवून घेतलं, हे मागे राहतं. ड्यूकमध्ये आठवड्यातून तीनदा ठरलेल्या वेळी, गटात, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम होत असे. ऑस्ट्रेलियात आहारतज्ज्ञ प्रत्येकाला स्वतंत्रपणे भेटत, एकदा नव्हे तर सात वेळा. ठरलेली वेळ आणि वाट पाहणारं माणूस या दोन गोष्टी रुग्णाला मिळाल्या होत्या. शिवाय नुसत्या गप्पांची सोबत पुरेशी ठरली नाही, हेही त्याच चाचणीत दिसलं. सोबत असणाऱ्याने काहीतरी करायला लावणं, आणि ते करताना बरोबर असणं, याने फरक पडतो.

याचं सर्वांत ठोस उदाहरण गोव्यात आहे. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या 495 रुग्णांबरोबर एक चाचणी केली. समुपदेशक होते गोव्यातलेच सामान्य लोक. मानसोपचाराची पदवी कुणाकडेच नव्हती. प्रशिक्षणानंतर ते देखरेखीखाली काम करत. आठवड्यातून एकदा, आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी, सहा ते आठ भेटी. या पद्धतीचं शास्त्रीय नाव ‘बिहेवियरल ॲक्टिव्हेशन’. मन लागेल तेव्हा करू, याची वाट न पाहता ठरलेली छोटी कृती करायची, त्यानंतर कसं वाटलं याची नोंद ठेवायची आणि पुढच्या भेटीत ती नोंद बघून पुढचं पाऊल ठरवायचं. बरोबरीने झोप, दारू, विसंवाद अशा अडचणींवरही काम करायचं. तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता. त्यात मोठा वाटा रुग्णांची हालचाल आणि रोजचे व्यवहार वाढण्याचा होता, असं पुढच्या विश्लेषणात दिसून आलं.

गोवा लहान आणि तुलनेने सुस्थितीतला म्हणून हे जमलं, असं कुणाला वाटेल. त्यांनी अमरावती जिल्ह्याकडे पाहावं. शेतकरी आत्महत्यांच्या छायेतल्या तिथल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याविषयी बोलणं सुरू केलं, गरज असेल त्यांना समुपदेशकाकडे आणि पुढे डॉक्टरांकडे पोचवलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी फक्त 4.3 टक्के लोक उपचारांपर्यंत पोचत होते; अठरा महिन्यांत हे प्रमाण 27.2 टक्क्यांवर गेलं. मागच्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणारे 5.2 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आले.

घरच्यांना यातून शिकण्यासारखं बरंच आहे. ‘रोज तासभर चाल’ ऐवजी ‘आज चहा झाल्यावर आपण दोघं कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ’ हे जमणारं आहे. रात्री झोप लागली नाही तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवावी, उठल्यावर खोलीचे पडदे उघडावेत, थोडा वेळ उजेडात बसावं. अंघोळ, जेवण, दुपारी एखादं छोटं काम, यांना वेळा बांधाव्यात आणि त्या कागदावर लिहून भिंतीला लावाव्यात. डाळ, भाजी, भाकरी, फळं असं घरचं साधं जेवण वेळेवर पोटात जायला हवं. दारूने तासभर बरं वाटतं, पण झोप बिघडते आणि दुसऱ्या दिवशी उदासी वाढते. एखादा दिवस काहीच जमलं नाही, तर ते तिथेच सोडून द्यावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा छोट्या पावलापासून सुरू करावं.

सोबत कशी करायची हे पाहायचं असेल, तर सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ बघावा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालेल्या या चित्रपटात जानकी एका खचलेल्या तरुणाला घरात आसरा देते. ती त्याची उलटतपासणी घेत नाही, त्याला उपदेश करत नाही, घाईही करत नाही. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला आलेला प्रत्येक जण ‘सगळं तर आहे तुझ्याकडे, मग कसलं दुःख?’ असं विचारून जातो. हा प्रश्न बंद करणं ही घरच्यांची पहिली मदत ठरेल.

बायकांच्या बाबतीत आजार ओळखणंच अवघड होतं, कारण स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांचे डबे काहीच थांबत नाही. हातातलं काम चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असा समज होतो. दीपिका पदुकोणने 2015 मध्ये आपल्या नैराश्याविषयी जाहीरपणे सांगितलं. आजाराच्या काळात तिचं चित्रीकरण सुरूच होतं. काहीतरी बिनसलंय हे आईच्या लक्षात आलं. घरातल्या बाईला ‘जरा फिरून ये’ म्हणण्याआधी तिच्या अंगावरचं निदान एक काम रोज दुसऱ्या कुणीतरी उचलावं. तो मोकळा वेळ मिळाल्याशिवाय तिच्यासाठी कुठलीही नवी सवय म्हणजे आणखी एक ओझंच.

सवयींची ताकद सांगताना त्यांची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. थायरॉइडचा त्रास किंवा बी-12 ची कमतरता यांमुळेही अशीच लक्षणं दिसू शकतात, म्हणून डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. नैराश्य तीव्र असेल तर औषधं लागतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात आणि बरं वाटू लागलं म्हणून ती मनाने बंद करायची नसतात. मरणाची भाषा, निरवानिरव, खाणंपिणं सोडणं असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत, माणसाला एकटं सोडू नये, शेतीघरांत कीटकनाशकं कुलपात ठेवावीत.

राहतो प्रश्न शासनाचा. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याचे सुमारे 85 टक्के रुग्ण उपचारांबाहेर होते. देशात दर लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. सगळा भार तज्ज्ञांवर ठेवून ही दरी कित्येक दशकांत भरून निघणार नाही. गोवा आणि अमरावतीचा अनुभव हाताशी असताना महाराष्ट्राने प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक प्रशिक्षित, पगारी समुपदेशक नेमायला हवा. हे काम आशाताईंच्या यादीत आणखी एक ओळ वाढवून फुकटात उरकू नये. त्यांनी रुग्ण ओळखून पाठवावेत, त्याचा मोबदला त्यांना मिळावा. भेटी घेणारा माणूस वेगळा असावा आणि त्याच्या कामावर जिल्ह्यातल्या तज्ज्ञाची नियमित नजर असावी.

तोपर्यंत ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही उपलब्ध आहे. रुग्णाची फोन करण्याची तयारी नसेल, तर त्याच्याशी कसं वागावं हे विचारण्यासाठी घरच्यांनीही तिथे फोन करावा.