अल्मोड्याला जा, पण मेमध्ये नको

मराठी पर्यटकाच्या कुमाऊं सहलीत अल्मोड्याच्या वाट्याला साधारणपणे मिठाईचा एक डबा येतो. नैनितालहून कौसानीकडे निघालेली बस वाटेत थांबते, बालमिठाई घेतली जाते, फार तर दुपारचे जेवण होते आणि गाडी पुढे सुटते, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे कौसानीचा सूर्योदय गाठायचा असतो. बालमिठाई उत्तमच असते, तिच्याविरुद्ध तक्रार नाही. पण सोळाव्या शतकात चंद राजांनी चंपावतहून आपली राजधानी ज्या डोंगरधारेवर आणली, ते शहर सहलीच्या पत्रकात जेवणाचा थांबा होऊन बसले आहे. हिमशिखरे किती दिसतात या एकाच मापाने आपण हिमालयातली गावे मोजतो. या मापाने शहर तर आपल्या हातून निसटतेच, आणि आपण ज्या दिवसांत जातो त्या दिवसांत बहुतेक वेळा शिखरेही दिसत नाहीत.

हे माप इंग्रजांनी घालून दिलेले आहे. मसुरी त्यांनी 1820च्या दशकात वसवायला घेतली, नैनिताल 1841 नंतर, राणीखेतची छावणी 1869ची. मैदानातल्या उन्हाळ्याला वैतागलेल्या साहेबासाठी ही गावे उभी राहिली, म्हणून तिथे माल रोड आला, शिखरांकडे तोंड करून बंगले आले, फिरायला पॉइंट आले. महाबळेश्वरच्या विल्सन आणि एल्फिन्स्टन पॉइंटवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना हीच थंड हवेच्या ठिकाणाची व्याख्या वाटावी यात नवल नाही. अल्मोडा मात्र त्या पंगतीतले नाही. गोरख्यांची पंचवीस वर्षांची राजवट संपवून 1815 मध्ये इंग्रज तिथे आले तेव्हा ती अडीच शतके जुनी वस्ती होती. धारेच्या कण्यावरून जाणारा बाजार, दोन्ही उतारांवर व्यवसायाप्रमाणे वसलेले मोहल्ले आणि पाण्यासाठी झऱ्यांवर बांधलेले दगडी नौले, अशी तिची रचना. नजाऱ्याचा विचार त्यात कुठेच नव्हता. साहेब त्या नजाऱ्यापर्यंत पोचत होता तोही गावकऱ्यांच्या पाठीवरून. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांचे, शिकाऱ्यांचे, प्रवाशांचे सामान फुकट किंवा नाममात्र पैशांत वाहण्याची सक्ती, म्हणजे कुली-बेगार, डोंगरातल्या गावांवर लादलेली होती आणि कोणाची पाळी कधी याच्या वह्या गावप्रमुखाकडे असत. तिच्याविरुद्धची हवा अल्मोड्याच्याच वृत्तपत्रांनी तापवली. 1871 मध्ये निघालेला ‘अल्मोडा अखबार’ 1918 मध्ये बंद पडला, त्याच वर्षी बद्रीदत्त पांडे यांनी ‘शक्ती’ काढले, आणि जानेवारी 1921 मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत त्या वह्या सरयूच्या पाण्यात फेकल्या गेल्या. जिथे पर्यटकांच्या ओझ्याविरुद्ध एवढा मोठा लढा झाला, तिथे आपण पर्यटक म्हणून जातो हे निदान ठाऊक तरी असावे.

आता शिखरांचा हिशेब. नंदादेवी 7,816 मीटर, त्रिशूल 7,120 मीटर. अल्मोड्याच्या आसपासच्या धारांवरून ही दोन्ही स्वच्छ दिसतात ती पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि हिवाळ्यातल्या निरभ्र सकाळी. मराठी कुटुंब निघते ते मेच्या सुट्टीत. त्या महिन्यात उत्तरेच्या मैदानातली धूळ डोंगरांवर चढलेली असते, आणि चीड पाइनच्या जंगलात खाली साचलेला पिरूल, म्हणजे वाळक्या सुयांचा थर, ठिणगीची वाट पाहत असतो. जून 2024 मध्ये अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेल्या वनकर्मचाऱ्यांचे त्यात बळी गेले. एखादी वळवाची सर पडून गेली तर पहाटे हा धूळ-धुराचा पडदा क्षणभर सरकतो. एरवी हॉटेलच्या गच्चीवरून राखाडी आकाश दिसते. जुलै ते सप्टेंबर ढगांचे राज्य. म्हणजे पैसे मोजले ते नजाऱ्याचे, पदरात पडला धुरळा, आणि शहर पाहायचे तर मुळात ठरलेच नव्हते.

जे पाहायचे राहिले ते काही किरकोळ नाही. लाला बाजारापासून खाली-वर पसरलेली ती लांबलचक पेठ पायीच पाहावी अशी आहे. खाली दुकान, वर राहते घर आणि दारा-खिडक्यांच्या चौकटींवर लाकडी नक्षी, अशी काही घरे अजून उभी आहेत. वर मल्ला महाल आहे. तिथे चंद राजे होते, नंतर गोरखे, मग इंग्रज, आणि अगदी अलीकडेपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी. टम्टा मोहल्ल्यातल्या तांबटांच्या हातोड्यांनी हे शहर तांब्याचे म्हणून ओळखले गेले. 2021 मध्ये उत्तराखंडच्या या टम्टा तांबेकामाला भौगोलिक मानांकनही मिळाले. तांबटांसारख्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या कारागीर जातींना ‘शिल्पकार’ हे नाव मिळावे म्हणून झगडणारे हरिप्रसाद टम्टा अल्मोड्याचेच. त्यांनी इथून ‘समता’ नावाचे साप्ताहिक चालवले. कुमाऊंची रामलीला संवादांपेक्षा रागदारीत गायली जाते, आणि तिची सुरुवात 1860 मध्ये अल्मोड्यातच झाल्याचे मानतात. दसऱ्याला एकट्या रावणावर भागत नाही. कुंभकर्ण, मेघनाद, ताडका असे त्याचे अख्खे कुळ एकेक मोहल्ला बनवतो आणि त्या पुतळ्यांची मिरवणूक बाजारातून निघते. पौषापासून घराघरांत बैठकीची होळी रंगते, तीही रागांतच. या मातीत नर्तक उदय शंकर यांनी 1940च्या आसपास आपले संस्कृती केंद्र थाटले. अल्लाउद्दीन खाँ, कथकळीचे शंकरन नंबूदिरी, मणिपुरीचे अमोबी सिंग असे गुरू तिथे शिकवायला होते. केंद्र चारपाच वर्षांत बंद पडले, पण तिथे शिकलेला एक तरुण 1944 मध्ये पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत नृत्यदिग्दर्शनासाठी दाखल झाला. त्याचे नाव गुरुदत्त. कॅमेऱ्यापुढच्या हालचालीची त्याची जाण कुठून आली हे शोधणाऱ्या मराठी रसिकाला अल्मोड्याच्या जेवणाच्या थांब्यावर काही हाती लागणार नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की आजचे अल्मोडा देखणे नाही. खरे आहे. उतारांवर काँक्रीटचे मजले एकमेकांच्या खांद्यावर चढले आहेत, दगडी छपरे पत्र्याखाली गेली आहेत, कित्येक नौले बांधकामांखाली गडप झाले आहेत. पण जुने घर टिकवायला खर्च येतो, आणि ते पाहायला, त्यात उतरायला कोणी थांबतच नसेल तर तो खर्च घरमालकाने कोणत्या आशेवर करावा? पर्यटक आले की वारसा आपोआप वाचतो असा माझा दावा नाही. मात्र ते बाहेरूनच निघून गेले तर वाचवण्याचे एक कारण नक्कीच कमी होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. काठगोदामहून अल्मोड्याकडे येणारा सुमारे 90 किलोमीटरचा रस्ता आधीच वाटेतल्या कैंची धाम आश्रमाच्या गर्दीने तुंबतो. त्यात एका चिंचोळ्या शहरात आणखी माणसे कशाला पाठवायची? कोसी नदीतून वर उपसलेल्या पाण्यावर जगणाऱ्या शहराला पाहुण्यांचा भार पेलेल का? मर्यादा आहेच, आणि ती नाकारून चालणार नाही. पण ओझे कोणाचे जास्त, हे पाहिले पाहिजे. रोज गाव बदलणारी बस प्रत्येक गावात कोंडी करते आणि कुठल्याच गावात फारसे काही खर्च करत नाही. तीन रात्री एका ठिकाणी राहून पायी हिंडणारे कुटुंब गाड्यांच्या फेऱ्या वाचवते, आणि त्याचा पैसा तांबटापर्यंत, खाणावळीपर्यंत, दुकानापर्यंत पोचतो. शिवाय पाण्याची सगळ्यात ओढ असते ती मे-जूनमध्ये. पावसाळ्यानंतर झरे भरलेले असतात. हंगाम बदलला तर शिखरेही दिसतात आणि शहराच्या घागरीवरही ताण येत नाही.

स्थानिकांना नजाऱ्याचीच हॉटेले हवी आहेत, त्यातूनच रोजगार मिळतो, असेही म्हटले जाते. रोजगार मिळतो हे कोण नाकारील? पण शिखरांकडे तोंड असलेल्या धारेवरच्या जमिनी बाहेरच्यांच्या हाती जात असल्याबद्दल उत्तराखंडात वर्षानुवर्षे खदखद होती. म्हणूनच 2025 मध्ये तिथल्या विधानसभेने अल्मोड्यासह 11 जिल्ह्यांत परराज्यातल्यांना शेतजमीन घेण्यावर बंदी आणली. नजाऱ्याची किंमत वाढली की धार विकली जाते आणि मूळ मालक तिथेच नोकरीला लागतो, हा अनुभव या कायद्यामागे आहे. बाजारातल्या दुकानाचा, कारागिराचा, जुन्या घरातल्या होमस्टेचा धंदा वाढला तर मालकी निदान गावात राहते.

राहिली शाळेची सुट्टी. मेशिवाय सगळ्यांना एकत्र वेळ मिळत नाही ही अडचण खरी आहे. पण दिवाळीची सुट्टी नेमकी स्वच्छ आकाशाच्या दिवसांत येते, आणि ज्यांच्या घरी शाळकरी मुले नाहीत, विशेषतः निवृत्त मंडळी, त्यांना दसरा अल्मोड्यात काढायला काहीच अडचण नाही. थंडीला एक स्वेटर जास्त लागेल इतकेच. सहल-कंपन्यांनी कुमाऊंच्या कार्यक्रमातून एक-दोन गावे कमी करून अल्मोड्याला तीन मुक्काम द्यावेत आणि दसरा ते दिवाळी या काळातल्या तारखा आधी जाहीर कराव्यात. त्या आपणहून असे करणार नाहीत. यंदाच्या नोंदणीच्या वेळी ग्राहकांनीच तशी मागणी करावी.