दिवा दिला, दुरुस्तीचे काय?

पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या पठारावर धुके उतरले की ते पाहावयास पर्यटकांची रीघ लागते. त्याच धुक्यात मेळघाटातील दुर्गम वस्त्यांवरील सौर दिव्यांची कसोटी लागते. १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झालेल्या या अरण्यात विजेच्या तारा नेणे सोपे नाही. म्हणून तेथे सौर संच आले आणि ते योग्यच झाले. परंतु सौर पट्टी वीस-पंचवीस वर्षे टिकते, बॅटरी मात्र काही वर्षांतच थकते. मग दिवा असून घरात अंधार!

२०१७ च्या ‘सौभाग्य’ योजनेने दुर्गम भागातील घरांसाठी पाच एलईडी दिवे, एक पंखा व बॅटरी असा संच देऊ केला आणि पाच वर्षांच्या देखभालीची तरतूदही केली. सहाव्या वर्षी काय, हा खरा प्रश्न आहे.

थकलेली बॅटरी म्हणजे सर्वस्वी निकामी बॅटरी नव्हे. बारा व्होल्टच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीत सेलचे चार गट एकापुढे एक जोडलेले असतात. त्यांतील एक दुबळा झाला तरी संरक्षक सर्किट सारा पुरवठा तोडते. उरलेले तीन पुष्कळदा धडधाकट असतात. प्रत्येक सेलची क्षमता मोजावी, सारख्या क्षमतेचे सेल निवडावेत, डाख न देता ते स्पॉट वेल्डिंगने जोडावेत आणि संरक्षक सर्किट शाबूत ठेवावे, म्हणजे बॅटरी पुन्हा उभी राहते.

अर्थात, हे हौशी हातांचे काम नव्हे. सेल शॉर्ट झाल्यास आग लागते आणि कुडाच्या घराला ती आवरत नाही. शिशाच्या जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळविणे तर मुलांच्या मेंदूवरच घाला घालणे होय. म्हणूनच शिकलेला कारागीर हवा, आणि तो जवळ हवा. बॅटरी परतवाड्यास वा अमरावतीस न्यावयाची तर एस.टी.चे भाडे आणि दिवसाची बुडालेली मजुरी कोणी सोसावयाची?

आपल्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमावलीत त्यापुढे जाऊन, विजेवरील सायकलींच्या बॅटरीतील सुटे सेलही स्वतंत्र कारागिरास बदलता यावेत, असे बंधन घातले. ते २०२७ पासून लागू व्हावयाचे आहे. सौर संच खरेदी करताना आपल्या सरकारला हीच अट घालण्यास कोणाची आडकाठी आहे? बॅटरीचे आवरण चिकटविलेले नको, स्क्रूचे हवे. सुटे सेल मिळण्याची हमी हवी. आणि चिखलदरा व धारणी या तालुक्यांतील कोरकू तरुणांना हे काम शिकवून मापनयंत्रासह एकेक दुरुस्ती केंद्र उभारून द्यावयास हवे.

उद्या तारा येतीलच, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. तारा अवश्य याव्यात. पण वाट पाहणाऱ्या घरातील मुलांचा अभ्यास आणि रात्री अडलेली बाळंतीण त्या उद्यासाठी थांबत नाहीत. दिवा देणे हे निम्मे काम झाले. तो तेवत ठेवणे हे उरलेले निम्मे काम आहे.