विश्लेषण : नव्या फर्निचरच्या वासात काय असते?

फ्लॅटचा ताबा मिळतो पावसाळ्यात आणि राहायला जायचे असते दसऱ्याला किंवा पाडव्याला. मग सुतारकाम मुहूर्ताच्या आदल्या दिवसापर्यंत चालते. पॉलिशचा शेवटचा हात वाळतो न वाळतो तोच गृहप्रवेश होतो. डोळ्यांना झोंबणाऱ्या त्या वासाला कौतुकाने ‘नव्याचा वास’ म्हटले जाते. प्रत्यक्षात प्लायवूड आणि बोर्डांतून फॉर्मल्डिहाइड, तर पॉलिश आणि चिकटद्रव्यांतून इतर रसायने हवेत मिसळत असतात. त्यांचे प्रमाण याच पहिल्या आठवड्यांत सर्वाधिक असते आणि नेमके तेव्हाच कुटुंब तेथे झोपायला येते.

हा वायू येतो कुठून?

प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांना चिकटवून केलेला थर. एमडीएफमध्ये लाकडाचा तंतू आणि पार्टिकल बोर्डात भुसा व कपच्या दाबून चिकटवतात. त्यासाठीचे स्वस्त आणि सर्वाधिक वापरले जाणारे रेझिन म्हणजे युरिया फॉर्मल्डिहाइड. त्याची अडचण अशी, की ओलाव्याने त्याचे बंध हळूहळू तुटतात आणि वायू सुटत राहतो. त्यामुळे वास काही आठवड्यांत कमी झाला, तरी उत्सर्जन महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे सुरू राहते. उष्णता आणि दमटपणा वाढला की त्याचा वेग वाढतो. मुंबई-कोकणातील हवा त्याला चांगलीच मानवते. एमडीएफमध्ये रेझिन जास्त, म्हणून उत्सर्जनही सहसा जास्त. ‘आयएस ७१०’ प्रकारच्या मरीन प्लायमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइड वापरतात. नाव सारखे असले, तरी त्याचे बंध पक्के असतात आणि वायू बराच कमी सुटतो.

धोका किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. त्यामागचा पुरावा मुख्यतः कारखान्यांत वर्षानुवर्षे हा वायू हुंगणाऱ्या कामगारांचा होता, हे लक्षात ठेवले पाहिजे. नवे कपाट आणले म्हणून कर्करोग होतो, असा त्याचा अर्थ नाही. घरातील प्रमाणात त्रास होतो तो डोळ्यांची आग, घसा खवखवणे, खोकला असा. दमा असलेल्यांना आणि लहान मुलांना तो अधिक जाणवू शकतो. संघटनेने २०१० मध्ये घरातील हवेसाठी अर्ध्या तासाच्या सरासरीची मर्यादा घालून दिली : प्रति घनमीटर ०.१ मिलिग्रॅम.

अमेरिकेत कायदा का करावा लागला?

२००५ च्या कतरिना चक्रीवादळात बेघर झालेल्यांना तेथील सरकारने ट्रेलरची घरे दिली. लहान, बंदिस्त आणि आतून भिंतीपासून कपाटापर्यंत सगळे बोर्डाचे. राहणाऱ्यांना श्वासाचा त्रास होऊ लागला. तक्रारी वाढल्यावर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००७-०८ च्या हिवाळ्यात ५१९ घरांची हवा तपासली. सरासरी प्रमाण निघाले एक अब्ज भागांत ७७ भाग, म्हणजे आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या अगदी काठावर. सर्वाधिक नोंद होती ५९०. निवारा म्हणून दिलेले घरच आजाराचे कारण ठरले. २०१० मध्ये तेथे लाकडी बोर्डांच्या उत्सर्जनावर मर्यादा घालणारा कायदा झाला. जपानने त्याआधीच, २००३ मध्ये, बोर्डांना ताऱ्यांची श्रेणी दिली आणि नव्या घरांत यांत्रिक वायुवीजन सक्तीचे केले. मालाबरोबर हवेचाही विचार करणारा हा नियम अधिक शहाणपणाचा म्हणावा लागेल.

भारतात काय स्थिती आहे?

प्लायवूड आणि बोर्डांसाठीचे गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२५ मध्ये लागू झाले आणि भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले. हे आवश्यकच होते. पण दुकानात अजूनही दोनच प्रश्न विचारले जातात : पाणी लागले तर फुगणार नाही ना आणि वाळवी लागणार नाही ना? हवेचा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून दुकानदारही सांगत नाही. शिवाय माल बहुतेकदा कंत्राटदार आणतो; घरमालक बघतो तो सनमायकाचा रंग. ‘ई-वन’ ही युरोपात रुजलेली उत्सर्जनाची श्रेणी आहे, ‘ई-झिरो’ म्हणजे त्याहून कमी. मात्र फलकावरच्या ‘ई-झिरो’वर थांबू नये; कोणत्या चाचणीने, कोणत्या प्रयोगशाळेत, हे दाखवणारा अहवाल मागावा. कोटेशनमध्ये प्लायच्या जाडीबरोबर ही श्रेणीही लिहून घ्यावी. काम संपल्यावर हा प्रश्न विचारून काही उपयोग नसतो.

सुताराला काय सांगावे?

वायू सर्वाधिक सुटतो तो उघड्या कडांतून आणि छिद्रांतून. आपल्याकडे कपाटाच्या दर्शनी बाजूला महागडे लॅमिनेट लावतात आणि आतली, मागची बाजू कोरी ठेवून पैसे वाचवतात. कपडे त्याच कोऱ्या बाजूला टेकतात. दोन्ही बाजूंना लॅमिनेट आणि प्रत्येक कडेला पट्टी, हा खर्च फुकट जात नाही. मेलामाइन पॉलिशमधूनही फॉर्मल्डिहाइड सुटते. त्याऐवजी पाण्यात मिसळणारे पीयू कोटिंग चालते. लोखंडी कपाट किंवा आजोबांच्या वेळचे सागवानी टेबल असेल, तर ते भंगारात काढण्याआधी विचार करावा. फक्त जुन्या रंगात शिसे असू शकते, तो घरात बसून घासू नये. नव्या घरगुती रंगांत शिशाची मर्यादा २०१७ पासून दशलक्षात ९० भाग आहे. सुरकुत्या न पडणाऱ्या पडद्यांवरही या रेझिनची प्रक्रिया केलेली असू शकते, ते धुऊनच लावावेत.

कुंड्या, एअर प्युरिफायरने काम भागते?

फारसे नाही. झाडे हवा शुद्ध करतात, हा समज नासाच्या १९८९ च्या प्रयोगावरून पसरला. तो बंद पेटीत झाला होता. प्युरिफायरचा हेपा फिल्टर धूळ अडवतो, वायू नाही. वायूसाठी कार्बनचा वेगळा थर लागतो आणि तो वेळोवेळी बदलावा लागतो. कपाटे, खण उघडे ठेवून समोरासमोरच्या खिडक्या उघडणे हा उपाय स्वस्त आणि खात्रीचा आहे. मुलांच्या खोलीचे काम सर्वांत आधी उरकले, तर राहायला जाईपर्यंत तिला काही आठवडे वारा मिळतो.

या सगळ्यात सुतारांचा विषय निघतच नाही. लाकडाचा भुसाही कर्करोग संशोधन संस्थेच्या त्याच पहिल्या गटात आहे. सोसायटीत आवाजाची तक्रार नको म्हणून खिडक्या लावून प्लाय कापला जातो आणि परगावचे अनेक कारागीर काम संपेपर्यंत त्याच फ्लॅटमध्ये झोपतात. कटरला लावायची धूळ ओढणारी यंत्रे बाजारात मिळतात. कामाच्या अंदाजपत्रकात त्यांच्यासाठी आणि चांगल्या मास्कसाठी एक ओळ घालायला घरमालकाची हरकत नसावी.