फॅमिलीला जमण्यासारखं

मराठी भाषेतला सर्वांत धोकादायक शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी ‘सोपं’ हा शब्द सांगेन. ‘अगदी सोपं आहे हो’ म्हणत दंतवैद्य पकड हातात घेतो आणि ‘अगदी सोपं आहे हो’ म्हणत विमा एजंट फॉर्म पुढे सरकवतो. पण या दोघांच्या तावडीतून माणूस निदान जिवंत सुटतो. आषाढ लागला की हाच शब्द सहलीचं निमंत्रण घेऊन घरोघर हिंडू लागतो, आणि मग माझ्या पोटात गोळा येतो. ‘सोपा ट्रेक. फॅमिलीला जमण्यासारखा. पाण्याच्या कडेकडेनं चालत जायचं, शेवटी धबधबा!’

आता फॅमिली म्हणजे कोण, हे सांगणाऱ्यानं कधी मोजलेलं असतं का? आमच्या फॅमिलीत साडेतीन वर्षांचा नातू आहे आणि एकाच वेळी दोन्ही गुडघ्यांवर कधीही विश्वास न टाकणाऱ्या आत्या आहेत. शिवाय कुठंही निघालं की इस्त्रीची पँट आणि कातडी चपला घालणारे मेव्हणे आहेत. या तिघांना जमेल अशी एकच वाट मला माहीत आहे, ती म्हणजे आमच्या दारापासून रिक्षा स्टँडपर्यंतची.

उदाहरणार्थ, देवकुंड. ताम्हिणी घाट उतरून भिऱ्याला जायचं. तिथून धरणाच्या पाण्याच्या कडेनं वाट निघते, पुढे रान लागतं, ओढे लागतात, दगडधोंडे लागतात आणि शेवटी कड्यांनी वेढलेला तो डोह. जागा सुंदर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. धबधब्याची उंची विचारली तर एकजण ऐंशी फूट सांगतो, दुसरा दोनशेवीस. त्याचंही मला काही नाही. वरून पाणी पडतंय ना, झालं तर. डिसेंबरात ही वाट खरोखरच सोपी आहे. आमच्या आत्यासुद्धा वाटेत चार वेळा बसून, दोनदा चहा पिऊन पोचल्या होत्या. माझं भांडण आहे ते डिसेंबरात मिळालेलं सर्टिफिकेट जुलैत दाखवणाऱ्यांशी.

कारण ही मंडळी वाट मोजतात, पाणी मोजत नाहीत. घळ म्हणजे एक मोठं नरसाळं. पाऊस पडतो वर, घाटमाथ्यावर, आणि तो सगळा गोळा होऊन उतरतो खाली, जिथं आपण भज्यांचा डबा उघडून बसलेले असतो. आपल्या डोक्यावर कदाचित ऊनही असेल. २५ जुलै २०२४ला ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद झाली. पुण्याच्या वर्षाच्या पावसाचा मोठा हिस्सा एका दिवसात! आणि जाताना ओलांडलेला ओढा येतानाही ओलांडायचा असतो, हे साधं गणित निमंत्रणात कुणी लिहीत नाही. जाताना घोट्याइतकं असलेलं पाणी येताना कमरेइतकं झालं, म्हणजे वाट सोपीच राहिली, फक्त ती पलीकडच्या काठावर राहिली.

याच भिऱ्याला १९२७पासून टाटांचं वीजघर आहे. मुळशीचं पाणी डोंगरावरून नळांतून खाली सोडतात आणि त्यावर जनित्रं फिरतात. डोंगरावरून उतरलेल्या पाण्याला जोर किती असतो, हे शंभर वर्षांपूर्वी इंजिनिअरांनी मोजून ठेवलंय. ज्यावर मुंबईचे दिवे लागतात, त्यात आमच्या मेव्हण्यांची चप्पल टिकेल अशी आपली समजूत!

३० जून २०२४ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांत लहान मुलंही होती. त्यांनी कडा चढला नव्हता, की कुठं उडी मारली नव्हती. पाण्यात उभी होती, बस. त्यानंतर ‘अक्कल नको का लोकांना?’ असं म्हणणारे पुष्कळ भेटले. मला त्यांचा फार राग आला. गेलेल्यांची अक्कल काढणारे हे लोकच एरवी ‘जा हो, काही होत नाही’ म्हणत असतात.

‘मग बंदी घाला’ हा दुसरा पक्ष. बंदी असतेच. पूर्वी कलम १४४ होतं, जुलै २०२४पासून त्याच्या जागी १६३ आलं. ऐन पावसाळ्यात ती जरूर असावी. पण ‘पुढे धोका आहे’ ही पाटी बारा महिने एकाच जागी, एकाच रंगात उभी असते. उन्हाळ्यात तिच्याखाली बकऱ्या बसतात. जी पाटी मे महिन्यात खोटी ठरते, तिच्यावर जुलैत कोण विश्वास ठेवणार? त्यापेक्षा ओढ्यातल्या एका मोठ्या दगडावर पांढरी रेघ मारा आणि खाली लिहा: ‘पाणी इथवर आलं की मागे फिरा.’ एक रंगाचा डबा आणि एक ब्रश. यासाठी समिती नेमू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे; नेमली तर रेघ तिरकी येईल.

आणि वाटाड्या घ्या! गावातला माणूस थोडे पैसे मागतो, तर आपण वांग्यांसारखी घासाघीस करतो. ‘एवढ्या सरळ वाटेला वाटाड्या कशाला?’ अहो, तो वाट दाखवायला नसतोच. ‘सायेब, वर काळं झालंया, चला मागं,’ एवढं एक वाक्य बोलायला तो बरोबर लागतो. त्या वाक्याचे पैसे असतात. पण ते ऐकल्यावर फॅमिलीतला एकजण हटकून म्हणतो, ‘इथवर आलोय, आता दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे!’

परवा असंच एक निमंत्रण आलं. मी ते दुरुस्त करून परत पाठवलं: ‘ओढे ओलांडावे लागतात. पाणी चढलं तर धबधबा न बघता परतायचं. लहान मुलं आणि गुडघे घरी ठेवावेत.’ तासाभरात संयोजकांचा फोन आला.

‘काका, असं लिहिलं तर येणार कोण?’