फादर कुठे घडतात?

वसई भागातली एक बाई आमच्या सल्लाकेंद्रात आली, तेव्हा ती अकरा वर्षं नवऱ्याचा मार खात होती. "आधी फादरांकडे गेले होते," ती म्हणाली. "ते म्हणाले, क्षमा कर, प्रार्थना कर, लग्न हा संस्कार आहे." फादर माणूस म्हणून भले होते. मग असा सल्ला का?

उत्तर शोधायला सेमिनरीत डोकवावं लागतं. तरुण मुलगा तिथे जातो. आधी तयारीचा काळ, मग तत्त्वज्ञान, मग चार वर्षं ईशज्ञान. गुरुदीक्षेपर्यंत बरीच वर्षं जातात. प्रार्थना, मिस्सा, तास, खेळ, अभ्यास, रात्रीचं मौन. शिस्त आणि सेवाभाव तिथे मिळतो, हे नाकारायचं कारण नाही. पण सोबत राहणारे सारे पुरुष, पारखणारेही बहुतेक पुरुषच. काही ठिकाणी सिस्टर्स शिकवतात; एरवी बाई दिसते ती बहुधा स्वयंपाकघरात. संसार न केलेला तरुण तिथून थेट बायकांच्या संसारावर सल्ला द्यायला बाहेर पडतो.

खरं तर चर्चचा कायदा इतका आंधळा नाही. १९८३ च्या संहितेतलं कलम ११५३ सांगतं की जोडीदारामुळे शरीराला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर वेगळं राहता येतं. हे कलम पुस्तकात आहे, पण त्या बाईपर्यंत पोचलं नाही. रोमने २०१६ साली काढलेल्या प्रशिक्षणाच्या नियमावलीतही सेमिनरीत स्त्रियांचा सहभाग मोलाचा मानला आहे.

कुणी म्हणेल, धर्मसंस्थेच्या कारभारात आपण का पडावं? कारण मार खाल्लेली ख्रिस्ती बाई पोलीस चौकीच्या आधी फादरांचं दार ठोठावते.

म्हणून मागणी साधी आहे. सेमिनरीत स्त्रिया शिकवायला असाव्यात आणि कोण दीक्षेला योग्य, हे ठरवतानाही त्यांचं मत घ्यावं. प्रत्येक ब्रदरने काही महिने स्त्रियांच्या सल्लाकेंद्रात काम करावं. भाषण द्यायला नव्हे, ऐकायला. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा त्यांना शिकवावा. आपल्या गटांनी हे बिशपांना लेखी कळवावं, शिकवायची तयारीही दाखवावी.

ती बाई आता वेगळी राहते. दर रविवारी मिस्साला जाते. तिने श्रद्धा सोडलेली नाही. तिला फक्त मार नको होता.