भाषेची खूण आणि कानाची भूक

आज कोणत्याही तरुणास जगातील बहुतेक गाणी क्षणार्धात ऐकता येतात. ही सोय लहान नव्हे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँची ध्वनिमुद्रिका गरिबाच्या मुलालाही मोबाईलवर ऐकावयास मिळते, याचे स्वागतच केले पाहिजे. आमची तक्रार निराळी आहे.

पिरनवाडी हे बेळगाव-खानापूर रस्त्यावरील, बेळगावला लागून असलेले गाव. या पट्ट्यात माणसांचे सीमातंटे कितीही पेटले, तरी आकाशवाणीच्या लहरींनी सीमा कधी मानली नाही. धारवाड केंद्र १९५० मध्ये सुरू झाले, पुणे १९५३ मध्ये, सांगली १९६३ मध्ये. पुणे केंद्र शोधताना रेडिओची सुई वाटेत धारवाडवर अडखळे आणि मराठी घरात कन्नड वचन घुमू लागे. ते कोणी मागितलेले नसे; पण एकदा कानी पडले की पुढल्या वेळी सुई मुद्दाम तेथे थांबे. १९५२ मध्ये मंत्री बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना अर्धचंद्र दिला, तेव्हा श्रोत्यांनी थेट सिलोन गाठले आणि बुधवारची रात्र अमीन सयानींच्या ‘बिनाका गीतमाले’ला वाहिली. सरकारला शहाणपण सुचून ‘विविध भारती’ अवतरण्यास १९५७ चा ऑक्टोबर उजाडला!

या अवचित ऐकण्याचे मोल याच भूमीने दाखविले आहे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीस १९२४ मध्ये जन्मलेले शिवपुत्र कोमकळी, म्हणजेच आपले कुमार गंधर्व, बालपणी थोरामोठ्यांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गात. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. पण तेवढ्यात त्या कन्नड घरातील मुलाचा कान घडला. गदगच्या भीमसेन जोशींनी दुकानात वाजणारी खाँसाहेबांची ठुमरी ऐकली आणि १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले. पुढे त्यांनी मराठी अभंगही गायिले आणि कन्नड दासपदेही.

आजची यंत्रे मात्र प्रारंभीच विचारतात : तुमची भाषा कोणती? पिरनवाडीचा मराठी मुलगा मराठीवर, फार तर हिंदीवर खूण करतो; शेजारचा कन्नड मुलगा कन्नडवर. मग यंत्र ज्याला जे आवडले त्याचेच जुळे भावंड त्याच्यापुढे ठेवीत राहते. एकाच गल्लीत राहणारी ही दोन मुले एकमेकांचे गाणे वर्षानुवर्षे ऐकणार नाहीत, आणि आपण काही गमावले याचा पत्ताही त्यांना लागणार नाही. भाषेच्या हक्कासाठी आपण अवश्य भांडावे. पण कानांची वाटणी कोणी मागितली होती? तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी मुलाच्या हाती नवा फोन देताना त्या यादीतील दुसऱ्या भाषेवरही खूण करून द्यावी. एवढे एक बोट हलविण्यास ना ठराव लागतो, ना मोर्चा.